होट्टलला जायचंय? मग आधी बसा

देगलूर हे चारी दिशांना तोंड असलेलं गाव आहे. अकोल्याहून हिंगोली-नांदेडमार्गे आलेला राष्ट्रीय महामार्ग १६१ इथून पुढे संगारेड्डीला, म्हणजे जवळजवळ हैदराबादलाच, जातो. लातूर-उदगीरकडून आलेला ६३ क्रमांकाचा महामार्ग इथूनच निजामाबादची वाट धरतो. लेंडी नदीकाठचं हे तालुक्याचं ठिकाण नांदेड जिल्ह्याच्या अगदी टोकाला, एका अंगाला तेलंगणा आणि दुसऱ्या अंगाला कर्नाटक. अशा गावात रस्ता विचारणाऱ्यांना तोटा नसतो. सांगणाऱ्यांना तर मुळीच नसतो.

पुण्याहून आलेला एक पाहुणा समजा. त्याला होट्टलला जायचंय. देगलूरपासून थोड्याच अंतरावरच्या या लहानशा गावात कल्याणीच्या चालुक्यांच्या काळातलं सिद्धेश्वराचं मंदिर आहे. बाहेरच्या भिंतींवरचं शिल्पकाम असं की मूर्तिशास्त्राचे अभ्यासक तिथे तासन्‌तास मान वर करून उभे राहतात. पाहुण्यानं हे कुठेतरी वाचलेलं असतं. बसस्थानकाबाहेर येऊन तो पहिल्याच माणसाला विचारतो, "होटल कुठे आहे?" ट वर ट चढवायला तो विसरलेला असतो. समोरचा माणूस अत्यंत आपुलकीनं रस्त्यापलीकडे बोट दाखवतो. "हे काय समोर. भजे गरम हाईत बगा."

पाहुणा खुलासा करतो की हॉटेल नव्हे, होट्टल; मंदिर. मग मात्र समोरचा माणूस गंभीर होतो आणि देगलूरची खरी पद्धत सुरू होते. रस्ता सांगण्याआधी तो विचारतो, "कुठून आलाव?"

"पुण्याहून."

"मूळ गाव?"

पाहुणा मूळ गाव सांगतो.

"हां. होट्टलात कुणाकडं जायलाव?"

"कुणाकडे नाही. मंदिर बघायला."

"तिथं तुमचं कोणीच न्हाई?" माणूस क्षणभर गप्प होतो. ज्या गावात आपलं कोणी नाही त्या गावाला पुण्याहून भाडं खर्चून जाणारा माणूस त्याच्या हिशेबात बसत नाही. मग तो स्वतःच अडचण सोडवतो. "आमच्या मेव्हण्याचे मेव्हणे हाईत तिथं. त्यांचं नाव सांगा. चला, आधी च्या घ्या."

एवढ्या संवादात डावं-उजवं कुठेही आलेलं नाही. पण होट्टलात पाहुण्याचं एक नातं मात्र तयार झालं आहे. देगलूरच्या लेखी रस्ता जागेकडे जात नाही, माणसाकडे जातो. माणूस सापडला की जागा त्याच्याभोवती असतेच. शहरी माणसाला ही चौकशी नसती उठाठेव वाटते. पण व्यवहार म्हणून पाहिली तर ती अगदी चोख आहे. गावात शिरल्यावर फाट्यावरच्या पाटीपेक्षा मेव्हण्याच्या मेव्हण्याचं नाव जास्त दारं उघडतं, आणि मंदिराची किल्ली कुणाकडे असते असला प्रश्न उद्भवलाच तर पाटीला तो विचारता येत नाही.

महाराष्ट्रात याबाबत एकवाक्यता कधीच नव्हती. पुण्यात उत्तर अचूक, आखूड आणि किंचित दुरुस्ती करणारं असतं: "लक्ष्मी रोड नव्हे, त्याच्या मागचा." मुंबईकर अंतर मिनिटांत मोजतो आणि दिशा रुळांवरून ठरवतो. ईस्ट की वेस्ट, एवढंच त्याचं होकायंत्र, आणि स्टेशनाच्या चुकीच्या बाजूला उतरलेल्या माणसाबद्दल त्याला फारशी सहानुभूती नसते. कोकणात वाट एक तर वर जाते नाही तर खाली: व्हाळ ओलांडा, घाटी चढा, वरच्या वाडीत विचारा. हवाई बेटांवरचे लोकही दिशा 'डोंगराकडे' आणि 'समुद्राकडे' अशीच सांगतात म्हणे. तेव्हा रत्नागिरीचा माणूस होनोलुलूत चुकायचा नाही. मराठवाड्याच्या या सपाट, काळ्या टोकाला मात्र ना समुद्र, ना लोकलचे रूळ. इथे उरतात माणसं, झाडं आणि सूर्य.

सूर्याचं आधी बघू. चहाच्या दुकानात बसलेला म्हातारा 'डावीकडं वळा' असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो, "फाट्यावनं उगवतीकडं निघा, मग नळकांडी पूल लागला की दक्षिणेच्या अंगाला." पाहुणा डोळे बारीक करून आभाळाकडे बघतो, कारण पूर्व कुठे आहे हे त्याला फोनशिवाय ठरवायची वेळच कधी आलेली नाही. म्हाताऱ्याला मात्र त्यात विचार करायचं काही नाही. त्याचं सगळं आयुष्य चतुःसीमेत गेलेलं आहे. जमिनीच्या खरेदीखतात पूर्वेस कुणाचं शेत, पश्चिमेस कुणाचा बांध, उत्तरेस ओढा, दक्षिणेस गाडीवाट हे लिहावंच लागतं, आणि त्यातली एक दिशा चुकली की दोन पिढ्या दिवाणी कोर्टात जातात. बांधावरून भांडलेल्या माणसाला झोपेतून उठवून उत्तर विचारली तरी तो बरोबर सांगेल. डावं-उजवं हे अंगाला चिकटलेलं असतं, माणूस वळला की तेही वळतं. बांध वळत नाही.

ही केवळ आमची ऐट नव्हे. भाषाशास्त्रज्ञ एरिक पेडरसन यांनी १९९०च्या दशकात तमिळनाडूत अभ्यास केला तेव्हा त्यांना असंच आढळलं: खेड्यातले तमिळ भाषक वस्तूंची जागा सांगताना पूर्व-पश्चिमेकडे झुकतात, शहरातले डाव्या-उजव्याकडे. भाषा एक, वळण दोन. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँडमध्ये गुगू यिमिथिर भाषा बोलणारे तर याच्याही पुढे गेलेले. स्टीफन लेव्हिन्सन आणि जॉन हॅविलँड यांनी त्यांच्यावर पुष्कळ लिहिलं आहे. जेवताना शेजाऱ्याला थोडं सरकायला सांगायचं तरी तिथे दिशेचंच नाव घेऊन सांगतात. देगलूरच्या पंगतीत अजून एवढी वेळ आलेली नाही, पण "उत्तरेच्या खोलीतलं धान्य" वगैरे बोलणं इकडच्या जुन्या घरांत ऐकायला मिळतं.

अंतराचा मामला याहून नाजूक. या भागात दूर नावाची गोष्ट तोंडावर सांगायची नसते. उन्हात उभ्या असलेल्या पाहुण्याला "लै लांब हाय" असं सांगणं म्हणजे त्याचा अपमान, शिवाय त्याच्या पायांतलं उरलंसुरलं बळ काढून घेणं. म्हणून सगळं 'जवळच' असतं, 'आलंच की' असतं, 'हाकेवर' असतं. खरं अंतर स्वरात लपलेलं असतं. "तिकडं" म्हणजे गल्लीच्या टोकाला. "तिकऽडं" म्हणजे गावाबाहेर. "तिकऽऽऽडं" म्हणताना हनुवटीही वर गेली आणि डोळे मिटले, तर पाहुण्यानं मुकाट्यानं रिक्षा करावी. जुनी माणसं अजून कोसाचा हिशेब काढतात. कोस म्हणजे साधारण दोन मैल, सव्वातीन किलोमीटरच्या आसपास. पण ते पुस्तकात. प्रत्यक्षात सांगणारा थकलेला असेल तर कोस लांबतो आणि गावी लग्न असेल तर आखडतो. मोजमापाच्या दशमान पद्धतीचा कायदा १९५६ साली झाला, मैलाचे दगड किलोमीटरचे झाले, त्यांच्या डोक्याला रंग आले (राष्ट्रीय महामार्गाला पिवळा, राज्य महामार्गाला हिरवा), तरी रस्ता सांगताना त्या दगडावरचा आकडा कुणी वाचून दाखवत नाही. दगडाचा उपयोग वेगळा: "पिवळ्या दगडाजवळ म्हशी बसलेल्या दिसतील, तिथनं आत वळा." म्हशी उठल्या तर काय, हे विचारायची सोय नसते.

म्हशी निदान असतात तरी. खरी पंचाईत होते ती नसलेल्या खुणांची. "पूर्वी जिथं मोठा लिंब होता ना, त्याच्या अलीकडं." "जुन्या कचेरीच्या मागं." लिंब रस्तारुंदीत गेलेला, कचेरी नव्या इमारतीत, सांगणाऱ्याला मात्र दोन्ही लख्ख दिसत असतात. पाहुणा चिडतो. त्यानं मध्य अमेरिकेतल्या निकाराग्वाची राजधानी मानाग्वा पाहिली तर देगलूरबद्दल त्याची तक्रार राहणार नाही. डिसेंबर १९७२च्या भूकंपात ते शहर बरंचसं कोसळलं. तरी तिथले पत्ते आजही पडून गेलेल्या इमारतींपासून, वठून गेलेल्या झाडांपासून मोजले जातात: अमुक जिथे होतं तिथून दोन चौक तळ्याकडे. तळ्याकडे म्हणजे उत्तरेला. सूर्य उगवतो तिकडे 'वर', मावळतो तिकडे 'खाली'. पत्र पोचवायला तिथे पोस्टमनला शहराचा इतिहास पाठ लागतो. आपल्याकडे श्रीराम भिकाजी वेलणकरांनी १५ ऑगस्ट १९७२ रोजी पिनकोड सुरू करून पोस्टमनचं ओझं बरंच हलकं केलं. ४३१७१७ लिहिलं की पत्र देगलूरपर्यंत येतं. तिथून पुढे दारापर्यंत मात्र पुन्हा 'अमक्याच्या दुकानाच्या वरी'.

नावांचा गोंधळ वेगळाच. या तालुक्यात तमलूर आहे, बल्लूर आहे, आलूर आहे, मेदनकल्लूर आहे. तेलुगू आणि कन्नडमध्ये ऊर म्हणजे गाव, त्यामुळे इथली अर्धी गावं आडनाव लावल्यासारखी शेवटी 'लूर' लावून उभी आहेत. बाहेरच्याच्या कानाला सगळी सारखी. त्यात महसूल खात्यानं एकाच नावाची दोन गावं बुद्रुक आणि खुर्द करून ठेवलेली. पाटीवर नुसतं 'बु.' किंवा 'खु.'. आणि नांदेडहून देगलूरला येताना जी नरसी लागते ती नायगाव तालुक्यातली. संत नामदेवांची नर्सी हिंगोली जिल्ह्यात. देवदर्शनाला निघालेला भाविक इथल्या चौकात उतरून मंदिर विचारू लागला तर लोक त्याला हसत नाहीत. हिंगोलीची गाडी कुठं मिळेल ते सांगतात, आणि जवळ एखादा मारुती असेल तर तोही दाखवतात.

हैदराबादच्या रस्त्यानं थोडं पुढे गेलं की मदनूर येतं आणि भूगोल, इतिहास, राजकारण यांची एकदम गाठ पडते. पाहुण्याचा फोन म्हणतो, जिल्हा कामारेड्डी. रस्त्यावरची पाटी तेलुगूत म्हणते, तेलंगणा. देगलूरचा दुकानदार म्हणतो, "आंध्रात गेलाव तुम्ही." आणि पारावरचा म्हातारा म्हणतो, "तो मुलूख तर आपलाच, देगलूरातला." चौघांपैकी खोटं कुणीच बोलत नाही. कामारेड्डी जिल्हा ऑक्टोबर २०१६ मध्ये झाला, तेलंगणा राज्य २ जून २०१४ला; त्याआधी तो आंध्र प्रदेश होता आणि सीमेवरच्या जिभांना वळण बदलायला दहा वर्षं पुरत नाहीत. आणि म्हाताऱ्याचं तर कायद्याच्या पुस्तकात आहे. १९५६च्या राज्य पुनर्रचनेत नांदेड जिल्हा मुंबई राज्यात आला तेव्हा देगलूर तालुक्यातली बिचकुंदा आणि जुक्कल ही दोन मंडळं वगळून आला. ती पलीकडे राहिली. माणसं तीच, सोयरिकी त्याच, बाजारहाट तोच. मधून रेघ गेली. उदगीरचा प्रकार तर त्याहून भारी. ते गाव जागचं हललं नाही, पण १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यात होतं, मग उस्मानाबादेत गेलं आणि १९८२ पासून लातुरात आहे. तिथल्या नव्वदीतल्या माणसाला 'तुमचा जिल्हा कोणता' असं विचारणाऱ्यानं हाताशी वेळ ठेवावा.

सीमेवर भाषा तिन्ही-चारी एकाच तोंडात असतात. इथला हमाल मराठीत सुरू करून तेलुगूत हिशेब सांगतो आणि दखनीत शिवी देतो. कानडी मुलखाकडचा हाणेगावचा माणूस त्यात आणखी एक भर घालतो. रस्ता विचारणाऱ्यासाठी यातली सर्वांत धोक्याची दखनी. "सीदा जाव" म्हणजे सरळ जा, इथपर्यंत ठीक. तेलंगणातली तेलुगूही 'सीदा' असंच म्हणते. पण "सीदे हात कू जाव" म्हणजे उजवीकडे वळा. सीधा हात म्हणजे उजवा हात. 'सीदे' एवढंच ऐकून नाकासमोर निघालेले किती पाहुणे संगारेड्डीच्या दिशेनं गेले असतील, याची नोंद कुणी ठेवलेली नाही. तेलंगणाच्या बाजूला महामार्ग चौपदरी झाल्यापासून तर त्यांना परत वळायची जागाही लवकर सापडत नाही.

एक शंका मात्र रास्त आहे. सांगणाऱ्याला रस्ता माहीत नसेल तर? १९७६ साली पीटर कॉलेट आणि ग्रेगरी ओ'शे या दोन संशोधकांनी एक खोडसाळ प्रयोग प्रसिद्ध केला. त्यांनी इराणमध्ये आणि इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या लोकांना पत्ते विचारले. काही ठिकाणं खरी, काही अजिबात नसलेली. नसलेल्या ठिकाणाचा रस्ता इंग्रजांनी दाखवला नाही. इराण्यांतल्या बऱ्याच जणांनी तोही दाखवला. पाहुण्याला रिकाम्या हातानं पाठवणं त्यांना बरं वाटलं नसावं.

देगलूरात हा प्रयोग झाला असता तर तिसराच निकाल लागला असता. इथे 'माहीत नाही' म्हणत नाहीत हे खरं, पण एकट्याच्या जबाबदारीवर खोटा रस्ताही सांगत नाहीत. इथे बैठक बसते. पहिला माणूस दुसऱ्याला हाक मारतो, दुसरा पानपट्टीवाल्याला, पानपट्टीवाला जीपवाल्याला. पाच मिनिटांत प्रश्नकर्ता बाजूला पडतो आणि चर्चा पेटते. इकडनं रस्ता चांगला पण फेरा पडतो. तिकडनं जवळ पण पुलावर पाणी असतं. "पाणी आता कुठलं, आटलं की." "ह्या रस्त्यानं जा म्हणून कोण सांगितलं तुम्हाला?" असा दरडावून प्रश्न आला की पाहुण्यानं घाबरू नये, तो प्रश्न त्याला नसतो, मघाच्या माणसाला सुनावलेला असतो. शेवटी कुणीतरी मोबाइल काढून त्या गावच्या भाच्याला फोन लावतो, पाहुण्याच्या कानाला देतो आणि पाहुणा एका अनोळखी भाच्याला "हॅलो, मी पुण्याचा" असं सांगू लागतो. नसलेल्या गावाचा पत्ता विचारणारा कॉलेटचा माणूस अशा बैठकीत सापडला असता, तर त्याचं पितळ याच फोनवर उघडं पडलं असतं, आणि तरीही त्याला जेवल्याशिवाय सोडलं नसतं.

एवढं करूनही पाहुण्याच्या चेहऱ्यावर शंका दिसलीच तर शेवटचा उपाय: "मागं या माझ्या." एखादा तरुण मोटारसायकल काढतो आणि स्वतःचं काम सोडून पुढे निघतो. फाट्यापर्यंत. फाट्यावर थांबून हात लांब करून सांगतो, "आता सरळ. कुणाला विचारूच नका." पाहुण्यानं पेट्रोलचे पैसे पुढे केले तर तो दुखावतो. हात जोडले तर खूश होतो आणि होट्टलच्या मेव्हण्याला आपला निरोपही देऊन टाकतो.

नकाशेवाल्या कंपन्यांना हे उशिरा का होईना उमगलं. गुगलनं २००९ साली भारतातल्या नकाशांत रस्त्याच्या नावांऐवजी खुणांनी वाट सांगायला सुरुवात केली: पेट्रोल पंपानंतर, देवळाच्या पुढे. म्हणजे देगलूरच्या पारावर जे शतकानुशतकं चाललं होतं ते कॅलिफोर्नियाला पोचलं. आपल्या टपाल खात्यानं २०२५ मध्ये त्याच्या नेमकं उलट टोक गाठलं. डिजिपिन नावाच्या योजनेत सगळा देश सुमारे चार मीटर लांबी-रुंदीच्या चौकोनांत वाटला आणि प्रत्येक चौकोनाला दहा अक्षरांचा संकेतांक दिला. बसस्थानकासमोरच्या भजेवाल्याच्या कढईलाही आता स्वतःचा पत्ता आहे, आणि बाजूला चहा पिणाऱ्या म्हाताऱ्याचा पत्ता बहुधा वेगळा. योजना चांगली आहे. रुग्णवाहिकेला, अग्निशमन दलाला तिचा उपयोग होईल, आणि पार्सल घेऊन फिरणारी पोरं "लोकेशन पाठवा" म्हणून दहादा फोन करायची थांबली तर गाव दुवाच देईल. फक्त त्या दहा अक्षरांत चौकोनातल्या माणसाचा जावई कुठला, हे येत नाही. तोपर्यंत देगलूरच्या बाजूनं तो पत्ता अपुराच.

होट्टलला जाणाऱ्यांनी एवढंच करावं. उन्हाळा टाळावा, सकाळी लवकर निघावं, ट वर ट नीट चढवावा, आणि "कुणाकडं जायलाव?" याचं काहीतरी उत्तर तयार ठेवावं. अगदीच कुणी नसेल तर सिद्धेश्वराकडे म्हणावं. त्याला तिथे सगळे ओळखतात.